हात मोडलेली सिस्टर आमच्या सपरीत

माय,

सगळ्यात आधी आली ती शेजारीण, विरजण मागायला. तिच्या गोठ्यात दोन म्हशी, आणि विरजण मागते माझ्याकडे! गाडी अजून शाळेपाशीच होती, नुसती धूळ दिसत होती, पण हिला कोणी खबर दिली कोण जाणे. वाटी मांडीवर ठेवून सपरीत, अंगणाकडे तोंड करून, बसली ती बसलीच. "पोलीस येऊन राहिले का व बाई?" म्हणते. मी म्हटलं, "पोलीस कायले येतीन? दवाखान्यावाले हायेत. बस, चाय पी, नाहीतर जेवन नाही पचनार तुले." ती हसली, पण उठली नाही. मग गाडी थांबली. आधी भंडाऱ्याची डॉक्टरीण बाई उतरली, चष्मेवाली, माझ्या लहान्याच्या वयाची असेल. मग एक कागद सांभाळणारा बाबू. आणि मग मागच्या दारातून, एकाच हातानं दार धरत धरत, सिस्टर उतरली. दुसरा हात प्लॅस्टरमध्ये, गळ्यात अडकवलेला. शेजारणीच्या मांडीवरची वाटी घरंगळत अंगणात गेली, तिला पत्ताच नाही. तो हात माझ्या मोठ्या पोरानं मोडला होता, माय, आणि सगळ्या गावाला ते ठाऊक आहे.

पण हे नंतरचं झालं. आधीची गोष्ट ही, की तुला पणती झाली आहे. लहान्याची पहिली लेक. डोकं भरून केस, आणि मुठी आवळून झोपते, जशी कोणाशी तरी भांडायलाच आली आहे. दूध मिळायला जरा उशीर झाला की असा टाहो फोडते की गोठ्यातली गाय उठून उभी राहते. मी तिला पाहते आणि मला हसू फुटतं, दिवसातून किती वेळा ते देवाला ठाऊक. तू जाऊन इतकी वर्षं झाली की मी आता तुझ्याहून म्हातारी आहे. तुझे केस काळे होते तसेच राहिले, माझे कापसासारखे झाले. बोलताना मी आपली झाडीपट्टीतलीच बोलते, पण लिहायला बसलं की चौथीपर्यंत शाळेत घोकून घेतलेली भाषाच हातातून निघते, तिला मी काय करू. ती पाटी तूच आणून दिली होतीस. घरात सगळे नको म्हणत असताना तू कोंबडीची अंडी लपवून बाजारात नेलीस आणि येताना पदराखाली पाटी घेऊन आलीस. आणि त्याच हातानं तू मला चुलीतल्या जळत्या लाकडानं हाणलंस, तेही सांगते, नाहीतर तुला वाटेल लेक विसरली. आजा सपरीतून विचारत होता, बैल कोणी सोडले, आणि मी आतूनच ओरडले, "बाबानं सोडले!" तू भात ढवळत होतीस. तसंच लाकूड ओढलंस, ठिणग्या उडाल्या, आणि माझ्या नडगीवर दिलंस. कातडं चर्र झालं त्याचा वास मला अजून येतो. "मोठ्या मानसासमोर तोंड उघडाचं नाही," म्हणालीस. मग स्वतःच खोबऱ्याचं तेल लावत बसलीस आणि रडत होतीस. व्रण अजून आहे. नात मोठी झाली की दाखवीन तिला.

तर बाळंतपण झालं तालुक्याच्या दवाखान्यात. लेकरू सुखरूप, बाळंतीण सुखरूप, मी पेढे मागवायला सांगत होते. लहाना तुमसरला राइस मिलमध्ये, धानाचा हंगाम जोरात, सुट्टी मिळेना; म्हणून जेवणाचा डबा घेऊन मोठा आला. बायकांच्या वॉर्डात पुरुषांनी यायचं नाही अशी पाटी आहे, पण हातात डबा असला की कोण अडवतं? मी तेव्हा मागच्या नळावर लेकराची धडुती धूत होते. आतून एक आवाज आला, माय, मी म्हशीला साप चावल्यावर ऐकला होता तसा. ओली धडुती तशीच हातात घेऊन मी धावले. माझी सून बाजेवर उलटीपालटी होत होती. ओठ सुजून नाकाला लागलेले, डोळ्यांच्या फटी उरलेल्या, अंगावर खाजकुयली फासल्यासारखे लाल चट्टे, आणि श्वास आत जाताना शिट्टी वाजत होती. सिस्टरनं इंजेक्शन दिलं होतं, आणि सुई काढते न काढते तोच हे सुरू झालं. सिस्टर दाराकडे पळाली. आणि माझ्या मोठ्यानं तिला केसाला धरून मागं ओढलं.

"मारून पळून राहिली! भाऊसूनले मारून पळून राहिली!" तो असा ओरडला की दुसऱ्या वॉर्डातले लोकही धावून आले. त्यात आमच्याच गावचे दोघे होते, त्यांनी काही विचारलंही नाही, सरळ हात चालवायला लागले. मोठ्यानं सलाईनचा लोखंडी दांडा उचलला. सिस्टरनं डोकं वाचवायला हात वर केला, आणि दांडा हातावर बसला. वाळलेली तुराटी मोडताना जसा आवाज येतो तसा आवाज आला. मी ऐकला. मग तो दांडा औषधाच्या काचेवर, मग टेबलावर, मग पुन्हा तिच्या पाठीवर. फरशीवर काचा, काचांवर रक्त, बाळंतिणी लेकरं छातीशी धरून बाजांखाली शिरलेल्या, आणि त्या सगळ्यात खाली पडलेली सिस्टर दुसऱ्या एका लहान सिस्टरला ओरडून सांगते आहे, "कपाट! कपाट उघड!" किल्ली हिच्याच खिशात होती, मोडलेल्या हाताच्या बाजूला. चांगल्या हातानं तिनं ती कशीबशी ओढून काढली आणि फरशीवरून सरकवून दिली. लहान सिस्टरनं कपाटातलं दुसरं इंजेक्शन भरून सुनेच्या मांडीत खुपसलं. माझ्या मोठ्यानं तिलाही लाथ घातली असती, पण मी मध्ये उभी राहिले, ओली धडुती धरून. थोड्या वेळानं शिट्टी कमी झाली. सुनेनं डोळा किलकिला केला. मग भंडाऱ्याकडे ॲम्ब्युलन्स, कारध्याचा पूल, खाली वैनगंगा, मांडीवर लेकरू बोंबलतंय, आणि मी मोठमोठ्यानं म्हणते आहे, बोंबल माझ्या राणी, बोंबल, तुझ्या मायला ऐकू जाऊ दे.

सून जगली. चांगली जगली, परवा तिनं झिंग्याची भाजी मागून खाल्ली आणि मी ओरडले तरी हसली. पण गावात काय झालं म्हणशील, तर मोठा झाला शूर. पानठेल्यावर लोक त्याच्या खांद्यावर हात ठेवायचे, "बरं केलं, असंच पाहिजे." तिकडे सिस्टरनं पोलिसात दिलं. इकडे आमच्याकडून मोठ्यानं लिहून दिलं की सिस्टरनं काही न विचारता इंजेक्शन मारलं. तिची चौकशी लागली, नोकरी जायची वेळ आली. मग गावातले शहाणे आले आणि म्हणाले, असं करा, तिनं तिची केस मागं घ्यावी, तुम्ही तुमची तक्रार मागं घ्या, चाय प्या, गोष्ट संपली. मोठा तयार झाला. आणि मला, माय, का कोण जाणे, त्या दिवसापासून तूच दिसायला लागलीस.

मी लहान आहे. तू आतल्या खोलीत बाजेवर आहेस, धाकट्या भावाच्या बाळंतपणानंतर ताप उतरत नाही. मी तुझ्या पायाशी बसून आंबील पाजायला थांबले आहे. सायकलवर फिरून सुया टोचणारा तो डॉक्टर आला आहे, पांढरा पायजमा, सायकलच्या दांड्याला पेटी. तो दारातच थांबतो, आत बाळंतीण म्हणून. काहीतरी विचारतो. तुला विचारतो. तू उठून बसायला लागतेस, पदर सावरतेस, ओठ हलतात. आणि सपरीतून आजा म्हणतो, "लाव, लाव. तिले काय इचारतं." तो सुई लावतो. मी ते पाहते. दिवस मावळायच्या आत तू निळी झालीस. मग बाबानं आणि काकांनी त्याला बोडीच्या पारीवर, पाण्याच्या काठाला, गाठलं. मोहाच्या झाडाला बांधलं. बैल हाकायची तुतारी, कुऱ्हाडीचे दांडे, जे हाताला लागेल ते. त्याचे दात मातीत पडले ते कोंबड्या टोचत होत्या. तो रडत सांगत होता, मले बोलू द्या, मले सांगू द्या काय झालं, आणि काकानं त्याच्या तोंडावरच दांडा हाणला. मीही पाहत होते, आणि मला बरं वाटत होतं. त्याची सायकल त्यांनी बोडीत फेकली. तो जगला की मेला कोणाला ठाऊक नाही. त्या सुईत काय होतं, तुला काय झालं, तेही कोणाला ठाऊक नाही. सांगणारं तोंडच आम्ही फोडून टाकलं होतं. म्हणून ते शहाणे लोक चाय पिऊन गोष्ट संपवा म्हणाले तेव्हा मी त्यांच्या पुढ्यातले कप उचलले. मी म्हटलं, नाही. आधी सांगा माझ्या सुनेला काय झालं. मग संपवा.

तेवढ्यात भंडाऱ्याहून फोन आला की आम्ही घरी येतो. आणि आले, शेजारणीच्या मागून. मी सतरंजी टाकली, प्लास्टिकच्या खुर्च्या मागून आणल्या. मोठा दाराच्या चौकटीला टेकून उभा, हाताची घडी घालून. सून आतल्या दाराशी, डोक्यावरून पदर नाकापर्यंत ओढलेला, मांडीवर नात. सिस्टर सगळ्यात टोकाला बसली, भिंतीला पाठ लावून, मोठ्याकडे नजर ठेवून. मार खाल्लेलं माणूस असंच बसतं, तुला सांगायला नको.

डॉक्टरीण बाई म्हणाली, "आजी, आम्ही कोणाला दोषी ठरवायला आलो नाही. असं काही झालं की दवाखान्यातले लोक आतमध्ये बसून ठरवतात काय चुकलं, आणि ज्याच्या जिवावर बेतलं तो बाहेर व्हरांड्यात बसतो. यावेळी तुम्ही पण आमच्यासोबत बसा. ज्यांच्यावर हे गुदरलं, त्यांच्याच तोंडून ऐकायचं आहे."

"म्हंजे आता आमच्याच तोंडून वदवाचं का आमचं चुकलं?" मोठा म्हणाला. "तुमची हुशारी नाही समजत का आमाले? अडानी समजता का?"

"नाही दादा. तुम्हीही सांगा ना. पण आधी त्या." आणि ती सुनेकडे वळली. "ताई, इंजेक्शन द्यायच्या आधी सिस्टरनं तुम्हाला काही विचारलं होतं?"

"काही नाही इचारलं," मोठा म्हणाला.

"ताई, याआधी कधी कोणत्या औषधानं त्रास झाला होता?"

"तिले काहीच नाही होत. धडधाकट हाये," मोठा म्हणाला.

बाईनं पेन थांबवलं. "दादा, मी त्यांना विचारते आहे."

"तिले काय इचारता? भासरा हावो मी तिचा. माझ्यासमोर ती बोलत नाही. आमच्या घरची रीत हाये." आणि असं छाती काढून म्हणाला, माय, जशी ही घरात टांगलेली ढालच आहे.

तेव्हा टोकाला बसलेली सिस्टर पहिल्यांदा बोलली. अगदी हळू. "मॅडम, त्या दिवशी असंच झालं."

शेजारीण चहाचा घोट तोंडात धरून बसली. सगळ्यांसमोर, दिवसाढवळ्या, तेच परत होऊन गेलं होतं, आणि मी स्वतः डोळ्यांनी पाहिलं. तू म्हणशील, यात नवल काय. नवऱ्याच्या मोठ्या भावासमोर सून बोलत नाही, त्याच्या समोर बसत नाही, हे आपल्याकडे आईच्या दुधासोबतच पाजतात. पण बोलावंच लागलं तर काय करतो आपण? लेकराला सांगतो. लेकरू नसलं तर मांजराला, मांजर नसलं तर भिंतीला. तू नाही का आज्याला सांगायची, "भिती, यायले म्हनावं चुन्याची डब्बी चुलीमांगे हाये." मी बसल्या बसल्या सुनेकडे पाहिलं. पदराआड तिचा श्वास जोरात चालला होता. मग तिनं नातीला मांडीवर उभी धरली, तोंडासमोर आणली, आणि तिच्याशी बोलायला लागली.

"बाई व, तुया मोठ्या बाबाले सांग. सिस्टरनं मले इचारलं होतं. कोन्या सुईनं तरास झाला का म्हनून इचारलं. मले सांगाचं होतं. माहेरी असताना एकडाव झाला होता, आंग सुजलं होतं, डॉक्टरनं म्हनलं होतं का हे परत लावू नको. पन मी तोंड उघडाच्या आधी मोठे बाबा नाही म्हनले. लावा म्हनले." नात टकामका पाहत होती. सून थांबली नाही. "आन हेही सांग त्याइले. सिस्टर पळून नव्हती राहिली. दारापाशीच्या कपाटाकडे जाऊन राहिली होती. डोये सुजले होते, तरी मले दिसत होतं."

"खोटारडी!" मोठा असा उसळला की दाराची चौकट हादरली. त्यानं रिकामी खुर्ची लाथाडली, चहाच्या कपांचा चुरा झाला, आणि तो सुनेकडे धावला, तिच्या मांडीवर लेकरू आहे हेही त्याला दिसलं नाही. आणि तेव्हाच सिस्टरचा प्लॅस्टरचा हात आपोआप वर गेला. त्यानं तिला हात लावला नव्हता, तिच्याकडे पाहिलंही नव्हतं, तरी तिनं डोकं झाकून घेतलं आणि भिंतीत शिरायला लागली. माझ्या हातात चाय उकळलेला गंज होता. मी तोच हाणला, माय, त्याच्या कानशिलावर. उरलेली गरम चाय त्याच्या मानेवरून खाली. चाळिशीचं माझं पोर, मिशा पिकायला आलेलं, बघतच राहिलं. मी दुसरा दिला. "बस!" म्हटलं. "तिले बोलू दे! एकाचं तोंड फोडलंच आपन, आता हिचं नाही फोडू देनार!" कोणाचं तोंड, हे त्याला समजलं नाही. त्याला ती गोष्ट कधी कोणी सांगितलीच नाही. शेजारीण "अगं मायवं, अगं मायवं" करत उभी, आणि तिच्या तोंडावर असा आनंद, जणू दोन्ही म्हशी एकदमच व्यायल्या.

तो बाहेर गेला. अंगणात तणसाचा ढीग आहे, मळणी होऊन गेलेल्या धानाचा. त्यानं काठी उचलली आणि त्या ढिगाला झोडपायला लागला. दाणा कधीचाच झडून गेलेला, नुसतं तणीस, तरी झोडपतोय, झोडपतोय, तोंडानं शिव्या, कुत्रं आडवं आलं तर कुत्र्यालाही. आत आम्हाला प्रत्येक फटका ऐकू येत होता. डॉक्टरीण बाईचा चेहरा पांढरा पडला होता, बाबू तर गाडीकडे पाहत होता. पण सिस्टरनं हात खाली घेतला, आणि काय म्हणाली सांगू? म्हणाली, "इंजेक्शनच्या आधी थोडंसं टोचून पाहायची टेस्ट असते, ती माझ्याकडून राहिली. पलीकडे दुसरी बाई अडली होती, मी एकटी होते. नातेवाईक नाही म्हणाले, मी ते धरून चालले." हे तिनं स्वतःहून सांगितलं, कोणी मारत नसताना. आमच्या गावात मी अजून कोणाला असं करताना पाहिलं नाही.

बाई म्हणाली, एकाच्या डोक्यात दांडा घालून हे संपत नाही. एकीच्या भरवशावर दोन वॉर्ड कशाला, कपाटाची किल्ली एकीच्याच खिशात कशाला, पुरुष आत आला कसा, हे सगळं पाहावं लागेल. मग तिनं सुनेला विचारलं, "मग ताई, कसं विचारायला पाहिजे होतं तुम्हाला?" सूनबाई आता चांगली तयार झाली होती. नातीला म्हणते, "सांग व बाई मॅडमले, मानसं बाहेर काढा आन मंग इचारा. आन माहेरचं इचारा. आमची आर्धी दुखनी माहेरीच राहून जाते." बाई हसली आणि लिहून घेतलं. मीही हसले. बाहेर फटके चालू होते आणि आत आम्ही हसत होतो, असा तो दिवस होता.

आता खरी गोम पुढंच आहे. दवाखान्यात बैठक आहे, डॉक्टर, सिस्टर, आणि आमच्यासारखी गावची माणसं, सगळी एकाच टेबलाला. तिथं सून सांगायला तयार आहे. नातीला घेऊन जाते म्हणाली, नाहीतर बोलणार कोणाशी. पण बाईनं मला बाजूला घेऊन सांगितलं, "आजी, दादांनी स्वतः सांगायला पाहिजे. त्यांनी लिहून दिलंय की विचारलंच नाही. ते तसंच राहिलं तर सिस्टरची नोकरी जाईल, आणि तुमच्या सुनेला सगळे खोटी म्हणतील." हे मला बरोबर समजलं. भासऱ्याचं खरं की सुनेचं, असं आलं तर गाव कोणाचं धरेल हे सांगायला कोणी शिकलेलं माणूस नको.

त्या दिवसापासून मोठा माझ्याशी बोलत नाही. जेवतो, ताट सरकवतो, उठतो. पानठेल्यावर जात नाही. परवा मात्र एक झालं. घरात शिरण्याआधी तो नेहमी खाकरतो, म्हणजे सुनेनं पदर घ्यावा. तसा खाकरला, पण आत आलाच नाही, दारातच उभा. मी तांदूळ निवडत होते. म्हणाला, "माय, तिले माहेरी कोनत्या सुईनं झालं होतं?" मी म्हटलं, "मले काय इचारतं? जिले झालं तिले इचार." त्यानं पाळण्याकडे पाहिलं. मग बैलाला पाणी दाखवायला निघून गेला, आणि बैलानं मान वळवली म्हणून त्याला असा गुद्दा मारला की मी आतून ओरडले.

तुला विचारायचं होतं ते विचारूनच टाकते. त्या दिवशी तुझे ओठ हलले होते. तू काय सांगणार होतीस? मी इतकी वर्षं धरून चालले की सुईवाल्यानं तुला मारलं. आता कधी वाटतं आज्याच्या आवाजानं मारलं, कधी वाटतं नुसत्या तापानंच. मी पायाशीच बसले होते आणि मला ठाऊक नाही. तुझा राग येतो मला, खरं सांगते. जळतं लाकूड मारून तू मला जे शिकवलंस ते तू स्वतः किती चोख पाळलंस! पण सुनेनं नातीला तोंडासमोर धरलं तेव्हा मला वाटलं, तू असतीस तर गंज तूच आधी उचलला असतास.

ही पानं पोस्टात टाकून काय उपयोग, तुझी राख तर वैनगंगेनं कधीच समुद्राला नेली. नातीच्या गोधडीखाली ठेवते, ती भिजवून टाकेल चार दिवसांत, टाकू दे. आता उठते, ती जागी झाली, मुठी बाहेर आल्या.

तेवढं एक राहिलं. डॉक्टरीण बाई जाताना म्हणाली, बुधवारी सकाळी गाडी घेऊन येतो, तिघांनाही नेतो, मोठ्यालाही. मोठा काल भिंतीकडे तोंड करून विचारत होता, "ते लोक कधी येनार हायेत?" मी त्याला ओळखते, माय, बुधवार कळला तर पहाटेच धानाची पोती ट्रॅक्टरवर टाकून तुमसरचा रस्ता धरेल. मी त्याला गुरुवार सांगितला आहे.